खोक्यावरचे लिटर आणि तळ्यातले लिटर

आमच्या शाळेच्या आवारात पिण्याच्या पाण्याच्या टाकीमागे सिमेंटचे एक लहानसे तळे आहे. लांबी २ मीटर, रुंदी दीड मीटर आणि पाणी अर्धा मीटर खोल. गुणाकार तुम्ही मनात केलाच असेल : दीड घनमीटर, म्हणजे १५०० लिटर पाणी. त्यात पंधरा-सोळा गोल्डफिश आहेत आणि मोजता येणार नाहीत इतके गप्पी. गप्पी डासांच्या अळ्या खातात म्हणून सोडलेले. गोल्डफिश मात्र मुलांनी वर्गणी काढून हौसेने आणलेले.

२०२४ सालच्या मार्चअखेरीस सकाळची शाळा सुरू झाली आणि मुलांना रोज एकच दृश्य दिसू लागले. सगळे गोल्डफिश पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड लावून भराभर उघडझाप करीत असत. ऊन वर आले की दहाच्या सुमारास ते पुन्हा खाली जात. एके सकाळी दोन मासे पोट वर करून तरंगताना सापडले. त्याच दिवशी आठवीच्या मुलांनी ठरवले, तळ्याला पंप बसवायचा. पाणी वर चढवायचे, दगडांच्या धबधब्यावरून परत तळ्यात पाडायचे. चित्रकलेच्या सरांनी धबधब्याचा आराखडा काढून दिला. तो पाण्यापासून चांगला ९० सें.मी. उंच झाला आणि दिसायलाही सुरेख झाला.

मुले बाजारातून पंप घेऊन आली. खोक्यावर ठळक अक्षरांत छापले होते : ताशी १००० लिटर. म्हणजे दीड तासात तळ्यातले सगळे पाणी एकदा फिरून येणार! पंप तळाशी ठेवला, १२ मि.मी. व्यासाची नळी दगडांमागून वर नेली, बटण दाबले. आणि धबधब्याच्या माथ्यावरून गळक्या नळासारखी एक धार खाली ओघळली. एकाने दहा लिटरची बादली धारेखाली धरली, दुसऱ्याने घड्याळ पाहिले. बादली भरायला चार मिनिटे लागली. तासाला १५० लिटर!

"सर, दुकानदाराने फसवले," मुले म्हणाली. आम्ही पंप घेऊन दुकानात गेलो. दुकानदार काकांनी वाद घातला नाही. नळी काढून त्यांनी पंप तसाच पाण्याच्या टबात बुडवला आणि चालू केला. टबातले पाणी असे उसळले की पुढे वाकून पाहणाऱ्याचा शर्ट भिजला. मुले गप्प झाली. खोके खरे बोलत होते आणि आमची बादलीही. मग मधले साडेआठशे लिटर गेले कुठे?

पंपाच्या पोटात

हे समजण्यासाठी आम्ही पंप उघडून पाहिला. (प्लग काढून, हे सांगायला नको. तरी सांगतो.) आत फारसे काही नसते. एका बाजूला तारेचे वेटोळे, तेही राळेत पूर्ण बंद केलेले, म्हणजे त्याला पाणी लागू नये. मधल्या खोबणीत एक लांबट चुंबक आणि चुंबकाच्या टोकाला पाती असलेले छोटे चाक. वेटोळ्यातला प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो आणि चुंबक त्याच्या तालावर सेकंदाला ५० वेळा, म्हणजे मिनिटाला ३००० वेळा फिरतो. विजेचा भाग आणि पाण्याचा भाग यांना जोडणारा दांडा नाही, म्हणून गळायला भोकही नाही. एक गंमत लक्षात घ्या. असा चुंबक सुरू होताना डावीकडे फिरेल की उजवीकडे, याचा नेम नसतो. म्हणून या पंपांची पाती वाकडी न ठेवता सरळ ठेवतात. कोणत्याही बाजूने फिरला तरी काम तेच.

पावसात भिजलेली छत्री गरगर फिरवली की कडेने थेंब उडतात. पंपाचे चाक पाण्याला तसेच कडेकडे फेकते. आमच्या चाकाचा व्यास पट्टीने ३ सें.मी. भरला. परीघ झाला सुमारे ९.४ सें.मी. सेकंदाला ५० फेऱ्या म्हणजे चाकाची कड सेकंदाला सुमारे ४.७ मीटर वेगाने धावते. आता एखादा दगड याच वेगाने सरळ वर फेकला तर तो किती उंच जाईल? वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरणाची दुप्पट, हे सूत्र वरच्या वर्गांतल्या मुलांना ठाऊक असेल. उत्तर येते १.१ मीटर. हिशेब ढोबळ आहे, खऱ्या पंपात इतर भानगडी पुष्कळ असतात. पण असल्या पंपाकडून पाणी गच्चीवर चढवण्याची अपेक्षा का धरू नये, एवढे त्यावरून कळते.

आणखी एक गोष्ट. सायकलच्या पंपाचे तोंड दाबून धरले आणि दट्ट्या रेटला तर हात भरून येतात. हवेला दुसरीकडे वाटच नसते. आपल्या पंपाचे तसे नाही. याची नळी बंद केली तरी चाक पाण्यातल्या पाण्यात फिरत राहते, पुढे मात्र काही जात नाही. म्हणून चढ वाढवत नेला की हा पंप एकदम हट्ट धरून बसत नाही; थोडे थोडे पाणी कमी देत जातो, आणि अखेर देईनासा होतो.

चढ किती?

पाणी जितके वर न्यायचे त्या उंचीला दुकानात 'हेड' म्हणतात. आपण त्याला चढ म्हणू. चढ कुठून मोजायचा, यावर आमच्या वर्गात चांगलीच जुंपली. निम्मी मुले म्हणत होती, पंप तळाशी आहे, तळ अर्धा मीटर खोल आहे, तर चढ ९० अधिक ५०, म्हणजे १४० सें.मी. ऐकायला बरोबर वाटते, पण ते चूक आहे. पंपाच्या डोक्यावर जे अर्धा मीटर पाणी आहे तेच पंपाच्या तोंडातून आत दाब देते, आणि नळीतले पाणी तळ्याच्या पातळीपर्यंत पंप बंद असतानाही आपोआप चढलेले असते. पंपाला काम पडते ते पातळीच्या वरचे. म्हणून चढ मोजायचा तो पाण्याच्या पृष्ठभागापासून नळीच्या वरच्या तोंडापर्यंत. पटत नसेल तर पंप दोरीला बांधून पाण्यातच वरखाली करा. नळीचे तोंड मात्र हलवू नका. बादली भरायला लागणारा वेळ बदलत नाही. आम्ही तसे करून पाहिले तेव्हाच वाद मिटला.

उंचीचा हा दाब माणसाने पंपाच्या आधीपासून ओळखलेला आहे. अठराव्या शतकात कात्रजच्या तलावाचे पाणी नळांतून पुण्यात शनिवारवाड्यापर्यंत आणले होते आणि वाड्यातली कारंजी त्यावर उडत. तिथे पंप नव्हता. कात्रज उंचावर आहे आणि वाडा सखल भागात, एवढ्यावरच ते काम भागे. आपल्या तळ्याशेजारी कात्रज नाही, म्हणून पंप.

मग आम्ही एक लांब काठी घेतली, तिच्यावर ३०-३० सें.मी. अंतरावर खुणा केल्या आणि ती तळ्यात उभी केली. पंपाला जाड, आखूड नळी लावली आणि तिचे तोंड एकेका खुणेशी धरून बादली भरली. तोंड पृष्ठभागालगत असताना दहा लिटरला ४० सेकंद लागले, म्हणजे ताशी ९०० लिटर. ३० सें.मी. वर ५० सेकंद, म्हणजे ७२० लिटर. ६० सें.मी. वर ७२ सेकंद, ५०० लिटर. ९० सें.मी. वर अडीच मिनिटे, २४० लिटर. आणि १२० सें.मी. वर? पाणी नळीच्या काठाशी येऊन थरथरत उभे राहिले, बाहेर थेंबही पडला नाही.

हे आकडे आलेख कागदावर मांडले : आडव्या अक्षावर चढ, उभ्या अक्षावर लिटर. बिंदू जोडल्यावर खाली उतरणारी एक रेषा मिळाली. सुरुवातीला ती जरा सावकाश उतरते, शेवटी घसरते. तेवढ्यात एका मुलीने खोके पुन्हा वाचले. ठळक अक्षरांखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती : कमाल चढ १.२ मी. म्हणजे खोक्यावर आमच्या आलेखाची दोन टोके छापलेली होती. एका टोकाला भरपूर पाणी, पण चढ शून्य. दुसऱ्या टोकाला भरपूर चढ, पण पाणी शून्य. तळ्याचे काम या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी चालते आणि तो आकडा खोक्यावर नसतो. काही पंपांच्या माहितीपत्रकात हा आलेख छापलेला असतो. असेल तर तो मागून घ्यावा. ठळक आकड्यापेक्षा तो शंभर पटींनी उपयोगी. नसेल तर माझा एक ढोबळ नियम आहे : आपला चढ पंपाच्या कमाल चढाच्या निम्म्याहून जास्त नसावा.

नळीचा वाटा

पण ९० सें.मी. वर आखूड नळीने २४० लिटर आले, आणि धबधब्यावर १५० च. बाकीचे ९० लिटर नळीने खाल्ले. आमची नळी ३ मीटर लांब होती, १२ मि.मी. व्यासाची, आणि वाटेत दोन एल्बो. नळीच्या भिंतीशी पाणी घासते आणि त्या घर्षणावर मात करायलाही पंपाचा जोर लागतो. जणू धबधबा आणखी उंच केला. तासाला ७५० लिटर पाणी या नळीतून न्यायचे म्हटले तर एकट्या घर्षणाचा चढ एक मीटरच्या वर जातो! तेवढेच पाणी तेवढ्याच लांबीच्या २० मि.मी. नळीतून नेले तर हा चढ जेमतेम १० सें.मी. भरतो. व्यास निम्मा केला की तेवढ्याच पाण्याला चौपट वेगाने धावावे लागते आणि घर्षणाचा चढ पंचवीस-तीस पट होतो. दुकानात नळी निवडताना रुपया-दोन रुपयांकडे पाहून बारीक नळी घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. पंपाच्या तोंडाचा जो व्यास, त्याहून नळी बारीक नसावी. थोडी मोठी असली तर उत्तमच.

माशांना काय हवे?

इथवर आम्ही पंपाच्या बाजूने विचार केला. मासे का धापा टाकत होते ते आता पाहू, कारण किती लिटर हवेत हे तेच ठरवणार.

एक लिटर हवेत सुमारे २७५ मि.ग्रॅ. ऑक्सिजन असतो. एक लिटर पाण्यात, ते ३० अंश सेल्सियस तापमानाचे असेल तर, फार झाले तर साडेसात मि.ग्रॅ. मावतो. २० अंशांच्या पाण्यात ९ मि.ग्रॅ. मावतो. म्हणजे उन्हाळ्यात आधीच शिधा कमी, आणि उष्णतेने माशांची भूक मात्र वाढलेली. त्यात आमच्या तळ्याचे पाणी शेवाळाने हिरवे. दिवसा शेवाळ प्रकाशात ऑक्सिजन सोडते, रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन वापरते. म्हणून पहाटे पाण्यातला ऑक्सिजन सर्वांत कमी असतो. मासे सकाळीच वर का येत आणि ऊन चढल्यावर खाली का जात, याचे उत्तर हे.

हवेतून ऑक्सिजन पाण्यात येतो, पण तो पृष्ठभागातून. पाणी अगदी निश्चल असेल तर ऑक्सिजनचा रेणू चाचपडत चाचपडत एक सेंटिमीटर खाली जायला सरासरी सात तास घेतो. दहा सेंटिमीटरला दसपट नव्हे, शंभरपट वेळ लागतो, म्हणजे जवळजवळ महिना! प्रत्यक्षात वाऱ्याने आणि तापमानातल्या फरकाने पाणी थोडे हलते, म्हणून इतकी वाईट परिस्थिती नसते. पण पंपाचे मुख्य काम यावरून ध्यानात येईल : तळाचे पाणी उचलून हवेला भेटवणे. बुडबुडे स्वतः पाण्यात जो ऑक्सिजन देतात त्यापेक्षा ते पाणी ढवळतात याचाच फायदा मोठा असतो.

पंपाचे दुसरे काम गाळणीचे. मासे अमोनिया बाहेर टाकतात, तो त्यांना विषारी. खडीवर आणि स्पंजावर वाढणारे काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट बरेच निरुपद्रवी. या जीवाणूंनाही ऑक्सिजन असलेले वाहते पाणी सतत लागते. म्हणून आम्ही धबधब्याच्या माथ्यावर खडी भरलेली एक जाळीची टोपली ठेवली आणि पाणी तिच्यातून जाऊ दिले.

तळ्यातले सगळे पाणी दोन तासांत एकदा फिरावे असा साधारण दंडक आहे. आमच्या तळ्याला त्या हिशेबाने ताशी ७५० लिटर हवेत. घरातल्या काचेच्या पेटीत पाणी थोडे आणि मासे दाटीवाटीने, म्हणून तिथे तासाला चार वेळा फिरवतात. ६० सें.मी. लांब, ३० सें.मी. रुंद आणि ३० सें.मी. पाणी असलेल्या पेटीत ५४ लिटर पाणी. तिला ताशी दोन-सव्वादोनशे लिटर पुरे. पण दंडक डोळे मिटून पाळू नका. फायटर मासा संथ पाण्यातला. जोरदार प्रवाहात तो लांब परांसह फरपटत जातो आणि थकतो. उलट पश्चिम घाटातल्या नद्यांतला 'मिस केरळ' नावाने ओळखला जाणारा लाल पट्ट्याचा मासा वाहत्या पाण्यात खुलतो. पंप जास्त जोराचा निघालाच तर पाणी बाहेर पडण्याच्या तोंडाला कळ लावून प्रवाह कमी करता येतो. आत ओढण्याच्या तोंडाला बोळा मात्र कोंबू नये.

शेवटी काय केले?

आमच्यापुढे दोन वाटा होत्या. नवा पंप घ्यायचा : चढ ९० सें.मी., रुंद नळीचा आणि वळणांचा १५ सें.मी. धरून १०५, म्हणजे कमाल चढ २ मीटर आणि खोक्यावर ताशी २००० लिटर असलेला. दुकानात तसा पंप ३८ वॅटचा होता. दिवसरात्र चालवला तर महिन्याला २७ युनिट. आमचा जुना पंप १६ वॅटचा, महिन्याला साडेअकरा युनिट. वर्गणीत नव्या पंपाइतके पैसेही नव्हते.

तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, धबधबाच बुटका केला तर?"

खरे तर हा विचार मला आधी सुचायला हवा होता. माशांना धबधब्याची उंची दिसत नाही; त्यांना हलते पाणी हवे असते. चित्रकलेचे सर जरा हिरमुसले, पण स्वतः येऊन त्यांनीच वरचे दगड उतरवले आणि बाजूला पसरून मांडले. उंची राहिली ४० सें.मी. १२ मि.मी. ची नळी काढून २० मि.मी. ची घातली, एल्बोऐवजी नळीलाच अलगद वळण दिले. त्याच जुन्या पंपाने दहा लिटरची बादली ६४ सेकंदांत भरली. तासाला ५६० लिटर. सगळे पाणी पावणेतीन तासांत एकदा. हवे होते दोन तास, पण पूर्वीच्या दहा तासांच्या मानाने पुष्कळच बरे.

तरीही पुढचे दोन दिवस मासे सकाळी वरच! तिसऱ्या दिवशी उलगडा झाला. शाळा सुटल्यावर शिपाई मामा शिस्तीने सगळी बटणे बंद करून जात, त्यात पंपाचेही. ज्या वेळी पंप सर्वांत गरजेचा, नेमका त्याच वेळी तो बंद! मामांना कारण समजावून सांगितले तेव्हा ते म्हणाले, "अहो, आधी सांगायचं ना. मला वाटलं शोभेचं आहे." त्या रात्रीपासून पंप चालू राहिला आणि चौथ्या-पाचव्या दिवसापासून सकाळी मासे तळाशी दिसू लागले.

विजेबद्दल दोन शब्द, कारण इथे चूक झाली तर ती माशावर भागत नाही. पाण्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढायचा, नुसते बटण बंद करून भागत नाही. वायर खोक्यापर्यंत सरळ न आणता मध्ये खाली झोळ सोडून वर न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी झोळातूनच खाली गळेल, खोक्यात शिरणार नाही. अर्थिंग असलेला तीन पिनांचा सॉकेट हवा आणि त्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा गळतीरक्षक स्विच, ज्याला वायरमन आर.सी.सी.बी. म्हणतात, तो बसवून घ्यावा. हे काम वायरमनचे, तुमचे नव्हे.

आमच्या तळ्याजवळ आता एक वही टांगलेली आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बादली भरायला लागलेले सेकंद तिच्यात लिहितात. जून महिन्यात ६४ चे ९५ सेकंद झाले. पंपाच्या तोंडावरचा स्पंज गाळाने भरला होता. तो तळ्याच्याच पाण्यात पिळून धुतला (नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने स्पंजावरचे जीवाणू मरतात) आणि आकडा पुन्हा ६६ वर आला.

करून पाहा : तुमच्या घरी किंवा शाळेत पाण्यात ठेवायचा पंप असेल तर मोठ्या माणसांच्या देखत, नळीचे तोंड निदान चार उंचींवर धरून बादली भरण्याचा वेळ मोजा आणि आलेख काढा. रेषा आडव्या अक्षाला कुठे भेटते ते पाहा आणि खोक्यावरच्या कमाल चढाशी ताडून बघा. मग हे सोडवा : आमच्या जुन्या पंपाचे आकडे वर दिले आहेत. ४०० लिटरच्या एका हौदातले पाणी तासाला एकदा फिरवायचे असेल, आणि नळीचे घर्षण १० सें.मी. धरायचे असेल, तर धबधबा जास्तीत जास्त किती उंच ठेवता येईल?